फियाट विकू की ठेवू? गाडीविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात या सदरात कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांविषयी थोडं लिहिलं आणि इंदूरच्या वाचकांचे सरळ दोन तट पडले. एकांचं म्हणणं, गाड्या त्या तेव्हाच्या. पाना, पक्कड आणि पेचकस हाती असला की रस्त्यातच दुरुस्त. दुसऱ्यांचं म्हणणं, आताची गाडी रस्त्यात बंदच पडत नाही, मग दुरुस्तीचं कौतुक कशाला? मी छावणीत वडिलांच्या गॅरेजमध्ये वाढले, पुढे आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या मुलांना शिकवलं, आणि निवृत्तीनंतर आजही संध्याकाळी भाच्याच्या गॅरेजात जाऊन बसते. दोन्ही काळच्या गाड्या हाताखालून गेल्या आहेत. निवडक पत्रांना इथे उत्तरं देते.

ताई, वडिलांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, आमच्याकडे आहे. हिवाळ्यात मस्त चालते. उन्हाळ्यात ओंकारेश्वरला निघालो की भेरूघाटात बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. मुलगा म्हणतो विकून टाका. आमचा मिस्त्री म्हणतो, आताचं पेट्रोलच वाईट. काय करू?
— एक वाचक, तिलकनगर

विकू नका. दुखणं साधं आहे आणि त्याला औषध आहे.

तुमच्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच बोल्टने बसवलेला आहे. आतला रबरी पडदा कॅमशाफ्टच्या धक्क्याने वरखाली होतो आणि टाकीतलं पेट्रोल ओढतो. मे महिन्यात, घाटात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रेंगाळते तेव्हा वारा लागत नाही आणि इंजिन तापतं. मग पंपात नि पाइपात पेट्रोलची वाफ होते. पंप पातळ पेट्रोल ओढू शकतो, वाफ नाही. हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर कोरडा पडतो, गाडी दोन आचके देऊन थांबते. थंड झाली की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि ‘आपोआप’ सुरू होते. याला व्हेपर लॉक म्हणतात. पंपावर ओलं फडकं टाकायची जुनी युक्ती तुमच्या वडिलांना नक्की ठाऊक असणार.

फडकं हा झाला रस्त्यातला उपाय. घरचा उपाय असा: रेडिएटर काढून आतला क्षार साफ करून घ्या, थर्मोस्टॅट अडकत नाही ना ते पाहा, फॅन बेल्ट ताणून घ्या. पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतचा पाइप एक्झॉस्टच्या जवळून जात असेल तर त्याची वाट बदला आणि त्यावर उष्णतारोधक नळी चढवा. पंप आणि एक्झॉस्ट यांच्यामध्ये पत्र्याची एक आडोशाची पट्टी लावली तरी फार फरक पडतो. नव्या गाडीत हे दुखणं जवळजवळ नाही, कारण तिचा विजेवर चालणारा पंप टाकीत पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि पाइपातलं पेट्रोल दाबाखाली असतं. दाब वाढला की उकळायला जास्त उष्णता लागते. इथे नव्या गाडीचं काम निर्विवाद सरस आहे, ते मान्य करायलाच हवं.

आता तुमच्या मिस्त्रींचं. पेट्रोल वाईट नाही, बदललं आहे, आणि त्यांच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाविना पेट्रोल मिळू लागलं. जुन्या इंजिनांत पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीवर पातळ थर धरायचं आणि तिची झीज थांबवायचं. ते गेल्यावर मऊ ओतीव लोखंडाच्या बैठका खड्ड्यात जायला लागतात. म्हणून एखाद्या गाडीत टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट) पुन्हा पुन्हा कमी होताना दिसलं, तर ते लक्षण ओळखा. हेड उघडायची वेळ येईल तेव्हा व्हॉल्व्हसाठी कडक पोलादी बैठका बसवून घ्या. एकदा केलं की चिंता मिटली.

दुसरा बदल इथेनॉलचा. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने १९८४ ची रबरी नळी फुगते, चिरते, आणि पंपातला तो पडदाही कडक होतो. सगळ्या नळ्या, पडदा आणि कार्ब्युरेटरची गास्केटं इथेनॉल सोसणाऱ्या मालाची घाला. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, तेव्हा पावसाळ्यात गाडी दोन-दोन महिने उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटरचं भांडं रिकामं करून ठेवा. नाहीतर आतल्या धातूवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसेल.

आणि यातच जुन्या-नव्याचा खरा फरक आहे, म्हणून थोडं थांबते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त द्यावं लागतं. नव्या गाडीच्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याने खबर दिली की इंजिनाचा कॉम्प्युटर इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो. हे सगळं एका सेकंदात अनेकदा होतं, तुम्हाला पत्ताही लागत नाही. तुमच्या सोलेक्स कार्ब्युरेटरला मात्र पेट्रोल बदलल्याचं कळायचा मार्गच नाही. पितळी जेटला जेवढं भोक पाडलं आहे तेवढंच इंधन तो देणार. मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं, पिकअप पडतो. म्हणजे भेरूघाटातल्या दुखण्यात याचाही वाटा असू शकतो. चांगल्या मिस्त्रीकडून मेन जेट एक नंबर मोठा घालून पाहा आणि लांब फेरीनंतर प्लगचा रंग बघा. पांढराफटक असेल तर मिश्रण अजून पातळ आहे, फिक्कट तपकिरी असेल तर झालं.

जुन्या गाडीत गाडीचा मेंदू तुम्ही असता. चोक कधी ओढायचा, ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटचं अंतर (साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर) कधी तपासायचं, हे तुमच्या डोक्यात राहतं. ज्याला ते काम आवडतं त्याने फियाट जरूर ठेवावी. मुलाला ते आवडत नसेल तर त्याच्यावर लादू नका, पण एकदा त्याला सोबत घेऊन स्वतः पॉइंट घासून दाखवा.

माझ्या आठ वर्षांच्या हॅचबॅकमध्ये ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून सांगितलं, ऑक्सिजन सेन्सर बदलावा लागेल. बदलला, बरेच पैसे गेले. तीन आठवड्यांत दिवा पुन्हा लागला. आता म्हणतात, दुसरा सेन्सर बदलू. पूर्वीच्या गाड्यांत ही लुबाडणूक नव्हती. खरं ना?
— एक वाचक, सुदामानगर

तुमचा राग समजतो. पण दोष गाडीच्या तंत्रात कमी आणि तपासण्याच्या घाईत जास्त आहे. तुम्ही बिलासोबत कोड पाठवलात हे फार चांगलं केलंत: पी ०१७१. याचा अर्थ मिश्रण पातळ आहे, म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त. सेन्सर खराब आहे असं हा कोड म्हणत नाही. सेन्सर बिचारा निरोप्या आहे. खरी बातमी देणाऱ्यालाच इथे बदललं गेलं.

पातळ मिश्रणाची कारणं मोजकी आहेत. मोजमाप न झालेली हवा कुठून तरी आत शिरते आहे, किंवा इंधनाचा दाब कमी आहे, किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ बसली आहे, किंवा इंजेक्टर तुंबले आहेत. यातलं कुठलं, ते शोधायची सोय त्याच स्कॅनरमध्ये आहे. त्यात लाइव्ह डेटा उघडायचा आणि फ्युएल ट्रिम नावाचे आकडे पाहायचे. कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी इंधन देतो आहे, ते या आकड्यांत दिसतं. गाडी उभी राहून आयडलला असताना आकडा पंधरा-वीस टक्क्यांच्या वर असेल, आणि रेस देऊन अडीच हजार आरपीएमला नेल्यावर शून्याकडे यायला लागला, तर हवा कुठेतरी गळून आत येते आहे. कारण आयडलला इंजिन फार थोडी हवा घेतं, त्यात चोरून आलेल्या हवेचा वाटा मोठा ठरतो. उलट, रेस दिल्यावर आकडा वाढतच गेला तर पेट्रोल पुरत नाही. पंप किंवा फिल्टर पाहायचा. दहा मिनिटांचं काम आहे.

भाच्याच्या गॅरेजात मागच्या पावसाळ्यात अशीच एक गाडी आली होती. आयडलला आकडा चढलेला, रेसवर खाली. पण गळती कुठे ते स्कॅनर सांगत नाही. मग मी माझ्या उस्तादांची रीत काढली: हातभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कानाला लावायचं, दुसरं टोक इंजिनाच्या सांध्या-सांध्यावरून फिरवायचं. फिरता पट्टा आणि पंखा यांपासून दूर राहून, सैल ओढणी किंवा पदर खोचून. एअर फिल्टरपुढच्या घडीच्या रबरी पाइपाखाली बारीक ‘सुस्स’ असा आवाज आला. उंदराने पाइप कुरतडला होता, आणि भोक खालच्या बाजूला असल्यामुळे वरून दिसत नव्हतं. पाइप बदलला, कोड पुसला, आणि दिवा पुन्हा लागला नाही.

तुम्ही आता एवढं करा. दुसरा सेन्सर बदलायला हो म्हणू नका. आयडलचा आणि अडीच हजार आरपीएमचा फ्युएल ट्रिम लिहून मागा, इंधनाचा दाब मोजलेला आकडा मागा. देत नसतील तर बाहेरच्या चांगल्या गॅरेजात जा. स्टीअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात बसणारं छोटं यंत्र विकत मिळतं आणि मोबाइलवर कोड दाखवतं, ते घरात असू द्या. शिवाय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ नावाचं संकेतस्थळ सुरू केलं आहे. मोटारगाड्या त्यात येतात. कंपनीने आपली माहिती तिथे दिली असेल तर सुटे भाग, वॉरंटी आणि दुरुस्तीची माहिती मिळते.

पूर्वी लुबाडणूक नव्हती हे मात्र मला पटत नाही. मिसिंग करणाऱ्या गाडीत न तपासता प्लग, पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल असं सगळं एका दमात बदलणारे मिस्त्री तेव्हाही होते. फरक इतकाच की सुटा भाग स्वस्त होता आणि जुना भाग हातात देत असत. तुम्हीही बदललेला जुना भाग नेहमी मागून घ्या.

ॲम्बॅसॅडरचा पत्रा काय जाड! आताच्या गाड्यांना अंगठ्याने दाबलं तरी पोचा पडतो. अपघातात जुनी गाडीच बरी, असं मी घरच्यांना सांगतो. बरोबर आहे ना?
— एक वाचक, रामबाग

नाही, आणि कृपा करून घरच्यांना हे सांगू नका.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने एक चाचणी केली. १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू या दोन गाड्या ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने, अर्ध्याहून कमी तोंड समोर येईल अशा रीतीने, एकमेकींवर आदळवल्या. जुनी गाडी अवाढव्य, पत्रा जाड. तरी तिचा दर्शनी भाग चालकाच्या जागेत घुसला आणि स्टीअरिंग मागे सरकलं. त्यात बसलेला माणूस वाचला नसता. नव्या गाडीचं नाक पूर्ण चेपलं, पण बसण्याची जागा शाबूत राहिली, आणि तिच्यातल्या चालकाला पायाला किरकोळ इजा झाली असती, इतकंच.

नाक चेपावं म्हणूनच नव्या गाडीचं नाक मऊ केलेलं असतं. धडकेची ताकद कुठेतरी खर्ची पडावी लागते. पत्र्यात नाही पडली तर ती छातीत पडते. तीन ठिकाणी अडकणारा सीट बेल्ट व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आणला. आपल्याकडे नव्या गाड्यांत, ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएस सक्तीचं झालं ते २०१९ मध्ये. ॲम्बॅसॅडरच्या चारही चाकांना बरीच वर्षं ड्रमचे ब्रेक होते. पावसात ए. बी. रोडवर समोर गाय आली तर ड्रमच्या गाडीचं चाक जाम होऊन ती तिरकी घसरते. एबीएसची गाडी थांबता थांबता वळवता येते.

ॲम्बॅसॅडर मला फार प्रिय आहे. नव्वदच्या दशकात तिच्यात इसुझुचं १.८ लिटरचं इंजिन आलं ते आपल्या पीथमपूरच्या कारखान्यात बनायचं, आणि त्या इंजिनाची गाडी चालवताना मला आजही आनंद होतो. पण रविवारी सकाळी, रिकाम्या रस्त्यावर, बेल्ट बसवून घेऊन. नातवंडांना घेऊन रात्री भोपाळला जायचं असेल तर नवी गाडी काढा.

राजवाड्याजवळ दुकान आहे, घर साऊथ तुकोगंजला. बीएस-सहा डिझेल एसयूव्ही रोज तेवढीच चालते. वर्षात दोनदा फिल्टर चोक झाल्याचा इशारा आला. गाडी खराब निघाली का?
— एक वाचक

गाडी ठीक आहे, पण तुमच्या फेऱ्यांना ती योग्य नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांत एक्झॉस्टमधली काजळी पकडणारा फिल्टर असतो, आणि साठलेली काजळी जळायला त्याच्या आत सुमारे सहाशे अंश उष्णता लागते. गर्दीतल्या छोट्या फेरीत ती कधी मिळतच नाही. आठवड्यातून एकदा बायपासला अर्धा तास एकसारख्या वेगाने, दोन हजारांवर आरपीएम राहील अशा गिअरमध्ये चालवा. जळण चालू असताना मध्येच गाडी बंद करू नका. ऑइलची पट्टी काढून पातळी वाढलेली दिसली तर ऑइलमध्ये डिझेल उतरलं आहे, लगेच बदला. पुढची गाडी पेट्रोल किंवा विजेची घ्या.

मी एसजीएसआयटीएसमध्ये मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाड्यांचं वेड आहे. सीनियर म्हणतात, आता सगळं सॉफ्टवेअर आहे, कार्ब्युरेटर शिकून काय उपयोग? मी जुन्या गाडीवर हात बसवू की थेट नव्यावर?
— एक विद्यार्थिनी

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. दोन्हीवर हात बसव, आणि जुन्यापासून सुरुवात कर.

पण आधी एक समज काढून टाक. जुनं म्हणजे साधं, असं नसतं. आपल्याच शहराचं उदाहरण घे. माणिकबाग राजवाडा ज्यांनी बांधून घेतला त्या यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी १९३० च्या दशकात ड्यूसेनबर्ग ही अमेरिकन गाडी तयार झाली. बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने केली होती. त्या इंजिनात एका रांगेत आठ सिलिंडर, जवळपास ६.९ लिटर, दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. ही मांडणी आपल्याकडच्या सामान्य गाड्यांत यायला पुढे अनेक दशकं लागली. आणि गंमत पुढे आहे: ड्यूसेनबर्गच्या या मॉडेलात डॅशबोर्डवर दिवे होते, ते ऑइल बदलायची आणि बॅटरी तपासायची आठवण करून द्यायचे. चिप नव्हती. इंजिनाला जोडलेल्या दातेरी चाकांचा डबा ते काम करायचा. आज आपल्या गाडीत ‘सर्व्हिस ड्यू’ असं येतं ते काम त्या माणसांनी चक्रांवर करून दाखवलं होतं. मला ही गोष्ट वर्गात सांगताना प्रत्येक वेळी अंगावर काटा यायचा.

तेव्हा साधेपणा शोधू नकोस, काम शोध. इंजिनाला तेव्हाही हवा, इंधन, दाब आणि योग्य वेळी ठिणगी हवी होती, आजही हवी आहे. कार्ब्युरेटर उघडलास की हवेचा वेग वाढला की दाब पडतो, हे पुस्तकातलं वाक्य व्हेंचुरीच्या, म्हणजे आतल्या अरुंद नळीच्या, घशात बोट घालून कळतं. डिस्ट्रिब्युटर अंशभर फिरवला की इंजिनाचा सूर बदलतो. इग्निशन ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती आधी पडते, ते कान शिकतो. हे कळलेली मुलगी स्कॅनरवर ‘ॲडव्हान्स १२ अंश’ वाचते तेव्हा तिला तो आकडा ऐकू येतो. माझ्या वर्गात ज्यांनी आधी पॉइंट लावले ती मुलं पुढे इंजेक्शनमध्येही लवकर तरबेज झाली, हा माझा अनुभव आहे.

मग लगेच नव्याकडे वळ. मल्टिमीटर नीट वापरायला शीक, ऑसिलोस्कोपवर सेन्सरचा सिग्नल पाहा, बॉशने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेली कॅन बस, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणारी तार, कशी बोलते ते समजून घे. वायरिंगचे नकाशे वाचता येणं ही आज गॅरेजातली सगळ्यात दुर्मीळ विद्या आहे. पीथमपूर तुझ्या घरापासून तासाभरावर आहे. तिथे नॅट्रॅक्सची ११.३ किलोमीटरची हाय-स्पीड टेस्ट ट्रॅक आहे, ट्रक-टेम्पोचे कारखाने आहेत. कॉलेजमार्फत इंटर्नशिपचा अर्ज कर, नाही म्हणाले तरी पुढच्या वर्षी पुन्हा कर. आणि सुटीत एखाद्या जुन्या गॅरेजात जाऊन बस. मुलगी म्हणून पहिल्या दिवशी कुणी पाना हातात देणार नाही. भाग धुवायला घे, नावं विचार, रोज ये. पाना आपोआप हातात येतो. अडचण आली तर मासिकाच्या पत्त्यावर मला लिही, भाच्याच्या गॅरेजात तुला जागा आहे.

आजोबांची १९६८ ची ॲम्बॅसॅडर दुरुस्त करून घेतली. तिला ‘व्हिंटेज’ नंबर घ्यावा का?
— एक वाचक, राजेंद्रनगर

२०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, धंद्यासाठी न वापरलेली आणि मूळ रूपात फार बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवा नंबर ‘व्हीए’ अक्षरांचा मिळतो, पण आधी नोंदणी झालेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. आजोबांचा नंबर असेल तर तोच ठेवा. नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढच्या नोंदणीला पाच हजार. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर होतो. विमा आणि जुनं आरसी बुक हाताशी ठेवा.

पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. तुम्ही लिहिलंय की दर शनिवारी आजीला तिच्यातून खजराना गणपतीला नेता. तर मग व्हिंटेजच्या वाटेला जाऊ नका. आरटीओत फिटनेस करून नेहमीचीच नोंदणी वाढवून घ्या, आणि मागच्या सीटलाही बेल्ट बसवून घ्या.